आघाड्यापुढे खरं बोललो

जालन्यात आमचं जडीबुटीचं दुकान. हिरडा, नागकेशर, कुड्याची साल यांच्या डब्यांत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे वैद्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, असा माझा तोरा होता. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मला शौचावाटे रक्त पडू लागलं. मूळव्याध, असं मीच ठरवलं आणि सहा महिने दुकानातलीच चूर्णं घेत राहिलो. अंगावरचे कपडे ढिले पडले. पोटात डावीकडे गोळा हाताला लागायचा, पण ते मी बायकोलाही सांगितलं नाही. मी घाबरलो होतो, हे आज कबूल करतो. रोज गणपतीपुढे हात जोडायचो आणि त्यालाही मूळव्याधच सांगायचो.

शेवटी राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला गेलो. पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागलं. ते पाहून बायकोने हट्टाने तिथल्या एका वृद्ध वैद्यबुवांकडे नेलं. मी नेहमीच्या रुबाबात म्हणालो, "बुवा, जुनी मूळव्याध हाये. ताजा आघाडा तेवढा द्या, बाकी सगळं दुकानात हाये."

ते हसले. "दवाई ठरवूनच आलात, शेठजी! मंग आमचं काम काय राह्यलं?"

त्यांचा रिवाज असा होता की, औषधी तोडायच्या आदल्या दिवशी झाडाला अक्षता वाहून निमंत्रण द्यायचं आणि सकाळी रोग्याने स्वतः हात जोडून आपलं दुखणं त्याला सांगायचं. मगच पाला खुडायचा. निमंत्रण देऊन आम्ही धर्मशाळेत राहिलो. सकाळी बांधावरच्या आघाड्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला मनातून हसूच येत होतं. ज्याची पोती विकली, त्या मालापुढे हात जोडायचे! पण मूळव्याध म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्दच फुटेना. कसं कोण जाणे, सगळं बाहेर पडलं: किती दिवसांचं रक्त, रोडावलेलं अंग, तो गोळा. बायकोने माझा हात धरून मला बुवांकडे वळवलं.

बुवांनी मला आडवं करून पोट चाचपलं. मग आघाड्याला नमस्कार करून म्हणाले, "माफ कर, तुला नाहक बोलावलं." माझ्याकडे वळून म्हणाले, "हे माझ्या हातचं बिलकुल न्हाई. आजच्या मोटारीनं औरंगाबादला जा. जल्दी करा."

तिथल्या सर्जनने मोठ्या आतड्यातली गाठ कापून काढली. कॅन्सर होता. आणखी उशीर केला असता तर त्यांच्याही हातात काही उरलं नसतं, असं ते म्हणाले.

बरा झाल्यावर बुवांच्या पाया पडायला गेलो. विचारलं, "या रोगावर एकाही झाडात काही न्हाई का?"

"असंल बी. पाल्यात काय काय दडलंय, कुणी सगळं पाह्यलंय? उद्या कुणी ते हुडकून काढलं तर मी पयला त्याच्या पाया पडीन. पर मला ठावं न्हाई ते तुम्हाला कसं पाजू?"

जन्मभर वनस्पती ओळखण्यात घालवलेला माणूस इतक्या सहज 'ठावं न्हाई' म्हणाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्यांच्यासारखा मोठा माणूस मी पाहिला नाही.

त्या सकाळी माझं तोंड कुणी उघडलं, याचा मी काथ्याकूट करत नाही. इतकी वर्षं मी औषध स्वतःच ठरवून देवाकडे फक्त होकार मागायला जात होतो. आता राजूरला गेलो की आधी खरं सांगतो, "देवा, मला भीती वाटते." एवढं बोललं की मागायचं काही उरत नाही.