तांब्यात उरलेलं पाणी

चारित्र्य हा शब्द मी शाळेत शिकले. गुरुजींनी तो फळ्यावर लिहिला, आम्ही पाटीवर उतरवून घेतला आणि घरी येईपर्यंत विसरलो. आमच्या घरी त्याला वळण म्हणत. माणूस चांगल्या वळणाचा आहे की नाही एवढंच बघायचं, बाकीचं आपोआप येतं, असं माझ्या वडिलांचं म्हणणं होतं. आणि ते वळण ओळखायची त्यांची एक स्वतःची रीत होती. आलेला माणूस तांब्यातल्या उरलेल्या पाण्याचं काय करतो, ते ते बघत.

आमचं गाव माण तालुक्यात. उन्हाळ्यात आडाचं पाणी इतकं खाली जाई की पोहरा तळाला टेकून नुसता खडखडे. बायका घागरी ओळीने मांडून बसत आणि झऱ्याला पाणी साठेल तसं एकेकीचा नंबर लागे. त्यामुळे आमच्याकडे पाणी एकदा वापरून संपत नसे. अंघोळीचं पाणी शेवग्याच्या बुडाला जाई. भांडी विसळलेलं पाणी म्हशीला. आणि पाहुण्याने वरून पिऊन तांब्यात काही राहिलंच, तर ते अंगणातल्या दगडी डोणीत ओतायचं, म्हणजे शेळ्या आणि कोंबड्या पितात. हे कुणी कुणाला शिकवलेलं मला आठवत नाही. चालायला लागलेलं पोरसुद्धा तांब्या दोन्ही हातांनी धरून डोणीकडे जाई.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला बघायला सांगलीकडचे पाहुणे आले. कृष्णेच्या काठचं गाव, घरचा ऊस, घरची हळद. नवरामुलगा आणि त्याचे चुलते असे दोघेच होते. दहिवडीपर्यंत मोटारीने येऊन पुढे चालत आलेले, आणि बरोबर आणलेली गुळाची ढेप चुलत्यांच्या खांद्यावर घामाने पाझरत होती. मी दाराच्या फटीतून बघितलं. मुलगा उंच होता, नवा गुलाबी फेटा बांधला होता, आणि ढेप आपल्याकडे द्या म्हणून चुलत्यांशी हळू आवाजात भांडत होता. मला तो तिथल्या तिथे आवडला. हे आज सांगायला काय जातंय. तेव्हा आईलासुद्धा सांगायची सोय नव्हती.

पाहुणे ओसरीवर घोंगडीवर टेकले. आईने तांब्याभर पाणी बाहेर पाठवलं. चुलते प्याले. मग मुलाने तांब्या घेतला, अंगणाच्या कडेला गेला, खळखळून चूळ भरली, तोंडावर पाण्याचा हबका मारला, दोन घोट प्याला, आणि उरलेलं पाणी मनगटाला हिसका देऊन सपकन अंगणात फेकलं. चांगलं लांब फेकलं. धूळ बसावी म्हणून फेकतात तसं.

डोणीपाशी उभ्या असलेल्या शेळीनेसुद्धा मान वर केली.

माझ्या वडिलांनी ओल्या मातीकडे बघितलं, ती वाळेपर्यंत बघत राहिले. मग ऊसपाण्याच्या चार गोष्टी झाल्या, मला पाटावर बसवून झालं, नाव आणि शिक्षण विचारून झालं. पोहे आले. चुलते खूष दिसत होते. त्यांनी विचारलं, "मग पाव्हणं, आमाला पोरगी पसंत हाय. तुमचं काय?"

वडील म्हणाले, "बगू. कळवतो."

आमच्या भागात "बघू, कळवतो" याचा अर्थ नाही असा होतो, आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. चुलत्यांचा हात पोह्याच्या ताटलीवर थांबला. मुलाने आपल्या चपलांकडे बघितलं. आत चुलीपाशी आईने कपाळाला हात लावला, कारण वडील एकदा नाही म्हणाले की तो विषय त्या घरात पुन्हा निघत नसे.

माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, तोंडाला कुलूप नसलेला. मी आईशी बोलतेय असं दाखवून ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आये, त्यास्नी कसं ठावं आसंल? नदीकाठच्या मानसानं आपल्या आडाचा तळ कवा बगितलाय?"

आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढे हळद लागेपर्यंत तो डाग गेला नव्हता. बाहेरून चुलत्यांचा आवाज आला, "पोरगी लय बोलती वाटतं."

झालं. आता नकार दोन्हीकडून, असं मला वाटलं. रडू येत होतं आणि आपण बोललो ते बरोबरच बोललो असंही वाटत होतं. ही दोन्ही एकाच वेळी होतात, तेव्हा माणूस चुलीत फुंकर घालत बसतो. मीही बसले.

बाहेर मुलाने विचारलं, "मामा, आड कुटं हाय?"

"कशाला?" वडील म्हणाले.

"बगून येतो. कुनी म्हनायला नको, बगितलाच न्हाई म्हनून." आणि दाराशी येऊन त्याने माझ्या आईकडे घागर मागितली. पाहुणा, तोही बघायला आलेला मुलगा, घागर मागतोय, तर द्यावी की नाही हे आईला कळेना. मीच मागून तिच्या हातात घागर सरकवली.

पुढचं मी बघितलेलं नाही, शेजारच्या काकूने धावत येऊन सांगितलेलं आहे, आणि ती सांगताना इतकी हसत होती की निम्मं हातवाऱ्यांनीच कळलं. मुलगा आडावर गेला. बायकांनी वाट करून दिली, पाहुणे आहात, भरून घ्या म्हणाल्या. तो नाही म्हणाला. सगळ्यांत मागे घागर ठेवली आणि ओळीत उन्हात बसला. बायकांना एवढी करमणूक गावच्या जत्रेतही मिळाली नसेल. एकीने विचारलं, ऊस विकून घागर घेतली काय. दुसरीने विचारलं, तुमच्याकडं बाया हुंड्यात पाणी आणत्यात काय. त्याने सगळ्यांना बरी उत्तरं दिली म्हणे. आणि नंबर आला तेव्हा त्याने पोहरा सोडला, तो खडखडला, वर आला तर त्यात गढूळ पाणी, तेही तळाला जेमतेम. त्या पाण्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग परत दोर सोडला.

इकडे ओसरीवर वडील आणि चुलते एकमेकांना पान करून देत बसले होते, कारण दुसरं करायचं काय ते दोघांनाही सुचत नव्हतं. पोहे गार झाले. ऊन कलायला लागलं. चुलते मध्येच म्हणाले, "आमचा पोरगा तसा खुळा न्हाई." वडील म्हणाले, "मी म्हनलं काय?"

मग गल्लीतून पोरांचा गलका आला. मी फटीला डोळा लावला. पुढे नवरामुलगा, मागे निम्मं गाव. चुंबळ आणायची आठवण त्याला राहिली नव्हती, आणि बायकांनी दिलेली त्याने घेतली नव्हती. त्याने तो नवा गुलाबी फेटा सोडून, पिळून, त्याची चुंबळ केली होती आणि डोक्यावर घागर घेऊन तो मान ताठ करून येत होता. घागर डुचमळत होती. पाणी कानांवरून सदऱ्यात जात होतं आणि फेट्याचा रंग उतरून सगळा माणूस गुलाबी झाला होता. चुलत्यांनी डोळे मिटून घेतले.

त्याने आईला विचारून घागर रांजणात ओतली. मग ओसरीवर येऊन वडिलांना म्हणाला, "मामा, सोयरीक न्हाई झाली तरी चालंल. तुमचं पानी सांडलं हुतं, ते भरून दिलं."

वडिलांनी रांजणात वाकून बघितलं. "निम्मं वाटंतच सांडलंसा की."

"व्हय," तो म्हणाला. "त्ये भरायला परत यावं लागंल."

वडील हसले. मी त्यांना असं हसताना फार कमी वेळा बघितलं आहे. खांदे हलायचे आणि आवाज यायचा नाही. मग त्यांनी आत हाक मारली, "आगं, गूळ फोडा. पावन्यांनी आनलेलाच फोडा."

मला तेव्हा कळलं, आणि आजही मला तेवढंच कळतं. पाणी फेकणं ही त्याची सवय होती, आणि सवय नदी लावते, आड लावतो. ती आपल्या हातची नसते. पण ती चुकीच्या जागी पडली हे एका पोरीच्या तोंडून सगळ्यांसमोर कळल्यावर न चिडता घागर मागणं, ते त्याचं स्वतःचं होतं.

लग्न होऊन मी कृष्णाकाठी आले. इतकं पाणी बघून पहिले काही महिने मी नुसती हरखून होते. नदीवर धुणं धुवायला जायचे ते सासूबाईंना मला हाका मारून आणावं लागे. सासरी सगळे तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकत. माझा नवरा मात्र हात उचलायचा, थांबायचा, माझ्याकडे चोरून बघायचा आणि पिऊन टाकायचा. सासूबाई म्हणत, पोरीनं येताना काय केलं कळंना. मी नुसती हसायची.

पुढच्या श्रावणात वडील मला भेटायला आले. नदी दुथडी भरली होती, तिचा आवाज घरात ऐकू येत होता. नवऱ्याने स्वतः तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. वडिलांनी वरून चार घोट घेतले. मग व्याह्यांचं घर, व्याह्यांची रीत, म्हणून ते उरलेलं पाणी फेकायला ओसरीच्या कडेला गेले. माझे चुलतसासरे मुद्दाम बघत बसले होते. वडिलांनी हात उचलला. हात तसाच राहिला. पुन्हा उचलला, पुन्हा राहिला. समोर पाऊस पडत होता, अंगणात पाणी वाहत होतं, आणि त्या माणसाला तांब्यातलं एवढंसं पाणी टाकवेना.

"हात वळंना गं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. लाजले होते.

माझा नवरा उठला. "आवं मामा, द्या हिकडं." त्याने तांब्या घेतला, उरलेलं सगळं पाणी घटाघटा प्याला आणि तांब्या पालथा करून दाखवला. चुलतसासरे मोठ्यांदा हसले, वडिलांचे खांदे हलायला लागले, आणि मला उगाचच रडू फुटलं, आनंदाचं.

जाताना वडील मला नदीपर्यंत घेऊन गेले. पाण्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "मी नग म्हनलं हुतं त्याला. घागर तू दिलीस."

मग वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, प्याले, आणि राहिलेलं हळूच नदीत परत सोडलं.