वयात येण्याचा पिक्चर

रविवारी दुपारी मला एकच गोष्ट हवी असते, झोप. आठवडाभर बोरीवलीहून अंधेरीच्या ऑफिसात जाऊन येऊन माणसाचं पार चिपाड होतं. पण त्या रविवारी लेक हटूनच बसली. "आई, आज पिक्चर बघायचाच. आणि मोबाइल लांब ठेवायचा."

कारण मला ठाऊक होतं. बारावीनंतर तिला अहमदाबादला शिकायला जायचं होतं, हॉस्टेलवर राहून. मी दोनदा नाही म्हटलं होतं. आता बाईसाहेब पिक्चर दाखवून मला पटवणार होत्या.

माझी आई आमच्याकडेच असते. ती परातीत वालपापडी निवडत होती. म्हणाली, "कसला गं पिक्चर?"

"कमिंग ऑफ एज, आजी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटूनच मराठीत सांगून टाकलं, "वयात येण्याचा."

संपलं! आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिच्या वेळच्या बायका 'अमकीची मुलगी वयात आली' हे आवाज खाली आणून सांगायच्या, आणि त्याचा अर्थ एकच, न्हाण आलं. "अगं बाई! त्याचासुद्धा सिनेमा काढला? आणि तो सगळ्यांनी बसून बघायचा?" लेक सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसली. मलाही हसू येत होतं, पण हसायलाही ताकद लागते.

"तसं नाही गं आजी. पोरगी मोठी होते, आपल्याला काय हवंय ते तिला कळतं, असा पिक्चर."

"मग असं सांग ना," म्हणत आईने चष्मा लावला. "मी वयात आले तेव्हा वडिलांनी शाळाच बंद केली. काय हवंय ते मला कोणी विचारलंय?"

पिक्चर बरा होता. डोंगरातल्या गावातली पोरगी बापाचा टेम्पो चोरून चालवायला शिकते आणि शेवटी गाव सोडून जाते. आमच्या वेळी असल्या पिक्चरांत मुलगा घर सोडायचा आणि मुलगी खिडकीत उभी राहायची. तरी मी ते पाहिलेत, आणि त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून ढसाढसा रडलेय. या वेळी मात्र त्या पोरीत माझा जीव रमेना. मी तिच्या आईकडेच बघत होते. ती बाई अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही खाली बसली नाही. मध्ये दोनदा माझा डोळाही लागला.

शेवटी पोरगी निघाली. तिची आई दारात उभी राहिलेली दोन सेकंद दिसली, की गाणं सुरू. माझी सटकलीच. "अरे, त्या बाईचं काय? तिचं पुढे काय झालं ते कोण दाखवणार?"

"आई, तिचा पिक्चर नाहीये ना हा," लेक म्हणाली. अगदी सहज म्हणाली.

"अहमदाबादचं विसर," मी म्हटलं. "घर, ऑफिस, आजीचे गुडघे, त्यात तुझी काळजी. माझ्याच्याने होणार नाही." खरं कारण ते नव्हतंच. ती गेली की संध्याकाळी घाईघाईने घरी यावंसं वाटणार नाही, याची मला भीती वाटत होती.

आईने परात बाजूला सारली.

"लग्नाआधी ऑफिस तुला दिल्लीला पाठवत होतं," ती मला म्हणाली. "मी नाही जाऊ दिलं. तू माझं सगळं करतेस, कशात कमी पडत नाहीस. पण तेव्हापासून माझ्याशी कधी पोटातलं बोलली नाहीस. हिने तुझ्याशी तसं केलं तर चालेल तुला?"

शब्द न् शब्द खरा होता. तीस वर्षं मला वाटत होतं, तिच्या लक्षात आलेलं नाही.

"जा," मी लेकीला म्हटलं. रागानेच म्हटलं. "फॉर्म आण, सही करते."

लेक ताडकन उठली. ती आता माझ्या गळ्यात पडणार, म्हणून मी हात पुढे केले. ती माझ्यासमोरून गेली आणि आजीला घट्ट मिठी मारून रडायला लागली. मी हात परत मांडीवर ठेवले.