रोजच्या वापराचं घड्याळ

साताऱ्यात एका दुकानात मी रोज घालायला दणकट, चावीचं घड्याळ बघत होतो. शेजारचे मिशाळ गृहस्थही तेच बघत होते. त्यांनी एक घड्याळ मनगटावर चढवलं आणि हवेतच म्हशीची धार काढून बघितली.

"अडत न्हाई," ते म्हणाले.

दुकानदारानं बाजूची कळ दाखवली. ती दाबली की वेगळा काटा पळतो, पुन्हा दाबली की थांबतो. किती वेळ गेला ते कळतं. गृहस्थांनी लगेच मेहुण्याला फोन लावला.

"पाव्हणं, कुटवर आलायसा?"

"ह्यो काय, पोवई नाक्यावर," पाव्हणे म्हणाले. फोनमध्ये त्यांच्या मागं म्हैस हंबरली.

गृहस्थांनी कळ दाबली. "नाका तर हितंच हाय. आज सापडला गडी."

काटा फेऱ्या मारत राहिला. आमचा चहा झाला, पाव्हणे आले नाहीत. तेवढ्यात गृहस्थांच्या घरून फोन आला.

"निघालो की. दहिवडीच्या एसटीत बसलोय," दुकानातल्या स्टुलावर मांडी घालून ते म्हणाले.

फोन ठेवला आणि त्यांची नजर पळत्या काट्यावर गेली. त्यांनी हळूच कळ दाबून तो थांबवला, घड्याळ काढून दुकानदाराच्या हातात दिलं.

"मजबूत हाय. पर रोजच्या वापराला यवढं खरं नगं."

माझ्याही खिशात फोन वाजायला लागला, तेव्हा मीही साधंच दाखवा म्हणालो.