ती बावीस मिनिटं माझी होती

ब्रेकपॉइंट मी लावला होता. संघपालने नाही. हे एवढंसं वाक्य पंधरा वर्षं मी कुणालाही सांगितलं नाही, आणि आता तो गेल्यावर लिहायला बसलो आहे. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला या महिन्यात नीट समजलं.

सुजातावहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेला संघपाल बाकावरच कलंडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. फोन ठेवला आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तर... आता कुणालाच कळणार नाही. कॉलेजपासूनचा मित्र गेला आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. 

आम्ही दोघंही मंगरूळपीरचे. अमरावतीला इंजिनिअरिंगला चार वर्षं एका खोलीत राहिलो. बाकीची मुलं प्रोग्राम लिहून मोकळी व्हायची. संघपालला चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावायचं वेड होतं. हे ज्या सॉफ्टवेअरने करतात त्याला डीबगर म्हणतात. माझ्या डोक्यात ते शिरत नव्हतं, तेव्हा मेसच्या टेबलावर त्याने चण्याचे दाणे ओळीने मांडले. "हे पाय, प्रोग्राम म्हंजे सूचनाइची लाइन. प्रोसेसर एकेक दाना खात चालला. आपुन यातला एक दाना उचलाचा अन् त्याच्या जागी खडा ठेवाचा, त्यालेच ब्रेकपॉइंट म्हंतेत. खड्यापाशी आला का थांबला. मंग सारा कारभार डीबगरच्या हातात. कोनत्या खान्यात कोनता आकडा हाय ते पाय, पाह्यजे तं एकेक पाऊल चालव. अन् सोडाच्या आंधी खडा काहाडून त्याचा दाना त्याले वापस दे."

"अन् प्रोग्रामले समजत नाई?"

"त्याले कायले समजते लेका? त्याच्यासाठी मंधातला टाइम झालाच नाई. पन बाहेरची दुनिया काई थांबत नाई, हे ध्यानात ठेव."

पुढे वाशीमला दोन खोल्यांचं ऑफिस थाटून आम्ही कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायला लागलो. जऊळक्याच्या बाजूला एक सोयाबीनची मिल होती. तिथल्या ड्रायरचा, म्हणजे ओलं सोयाबीन वाळवायच्या उंच भट्टीचा प्रोग्राम संघपालने लिहिला. दर सेकंदाला तापमान वाचायचं, जास्त झालं की बर्नर बंद करायचा, उतरलं की चालू. चालू भट्टीच्या प्रोग्रामला डीबगर लावायचा तर त्याचा एक नेम होता. आधी भट्टी हाताने चालवायला घ्यायची, एकाने बर्नरच्या खटक्यावर हात ठेवून उभं राहायचं, कॉम्प्युटरवरच्याने केबिनमधून ओरडायचं, "धरतो!" आणि खटक्यावरच्याने "धर!" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सोडतानाही तसंच, "सोडतो," "सोड." मिलमधली माणसं आमच्या नकला करायची. भट्टी सांभाळणारे गणपतभाऊ तर आम्ही फाटकात दिसलो की ओरडायचे, "आले पाहा धर-सोडवाले! आता सोयाबीन घाबरूनच वाळते!" संघपाल हसायचा, पण नेम मोडायचा नाही. मला मात्र मनातून तो पोरखेळ वाटायचा.

त्या दिवशी प्रज्ञाच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या बालवाडीच्या प्रवेशासाठी तो मंगरूळपीरला गेला होता. तापमानाचा आकडा कधीतरी एकदम उडी मारायचा, त्याचं कारण शोधायचं काम माझ्याकडे होतं. गणपतभाऊ जेवायला गेलेले. भट्टी हातावर घ्यायची तर त्यांची वाट पाहावी लागली असती. मी घेतली नाही. ओरडलोही नाही, खटक्यावर कुणी नव्हतंच. आकड्याने उडी मारली तरच थांबायचं, अशी अट घालून ब्रेकपॉइंट लावला. दहा मिनिटं गेली, आकडा शहाण्यासारखा वागत होता. तेवढ्यात मालकाने चहाला बोलावलं आणि मी ब्रेकपॉइंट तसाच ठेवून उठलो. काय होतंय दोन मिनिटांत, म्हटलं.

मी चहा पीत होतो तेव्हा आकड्याने उडी मारली. प्रोग्राम थांबला. त्या क्षणी बर्नर चालू होता, तो चालूच राहिला, कारण त्याला बंद करणारा खड्यापाशी उभा होता. भट्टीजवळच्या पडद्यावर शेवटचं तापमान तसंच दिसत राहिलं, अगदी बरोबर. जेवून आलेल्या गणपतभाऊंनी पडद्याकडे पाहिलं आणि निर्धास्त झाले. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी झाकण उघडलं आणि जाळ त्यांच्या दोन्ही हातांवर आला.

त्यांची किंकाळी ऐकून मी पळालो. पण भट्टीकडे पळालो नाही... आधी केबिनमध्ये गेलो. ब्रेकपॉइंट काढला, प्रोग्राम सोडला, डीबगर बंद केला. मग माणसाकडे गेलो. सुटल्याबरोबर पुढच्याच सेकंदाला प्रोग्रामने वाढलेलं तापमान वाचलं आणि बर्नर बंद केला. संघपालच्या प्रोग्राममध्ये कणभर चूक नव्हती, हे पाहणारा मी एकटाच होतो.

भट्टी फार तापली तर आपोआप बंद करणारी एक वेगळी कळ होती. ती सारखी काम अडवते म्हणून मालकाने महिनाभरापूर्वीच काढून टाकली होती. त्या माणसाचीही मला शिसारी येते, पण ब्रेकपॉइंट काही त्याने लावला नव्हता. गणपतभाऊंना दवाखान्यात नेल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रोग्राम लटकला. कोट्यातून इंजिनिअर झालेल्याइच्या हाती मशीन देल्ली का हेच होते." आजूबाजूच्या माना हलल्या. कुणी विचारलं नाही, चौकशी केली नाही. एवढं कारण सगळ्यांना पुरलं. मला म्हणाला, "विनायकराव, तुमी घरचे. चहा राह्यला तुमचा, घ्या." आणि मी घेतला. गार झाला होता, तरी पूर्ण प्यायलो. तो चहा अजून माझ्या घशात आहे.

दुसऱ्या दिवशी संघपालला फाटकातूनच परत पाठवलं. वाशीमभर बोभाटा झाला, पुन्हा कुणी त्याला मशीनला हात लावू दिला नाही. मिलचं काम मी एकट्याने पुढे चालवलं आणि वर्षभराने पुण्याला निघून आलो. तो मंगरूळपीरला मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागला. गणपतभाऊंच्या डाव्या हाताची बोटं चिकटली ती कायमची. संघपाल दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. सुरुवातीला ते त्याला शिव्या घालून दारातून हाकलायचे. हा ओट्यावर बसून राहायचा, पट्टी बदलायची वेळ झाली की आत जायचा.

मी पुण्याला निघण्याच्या आधी तो माझ्या घरी आला होता. त्याचा प्रोग्राम दर सेकंदाला एक ओळ लिहून ठेवायचा आणि त्या ओळी रोज आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही यायच्या; त्या दिवसाचा कागद त्याने माझ्यापुढे धरला. मध्ये बावीस मिनिटं एकही ओळ नव्हती, आणि नंतर जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू. "लटकलेला प्रोग्राम आपला आपुन उठून चालत नाई, विन्या," तो म्हणाला. "कोनं तरी धरला व्हता अन् सोडला. तुले काई सांगाचं हाय काय?"

"नाई बा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. "बरं," म्हणाला, आणि सामान बांधायला मला हातभार लावला. त्यानंतर तो कधी विचारायला आला नाही, कुणाला काही बोललाही नाही. मी गावी आलो की भेटायचा, जेवायला बसवायचा. त्याच्या ताटात मी जेवत आलो.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बौद्ध घरांत वंदना झाली की ओळखीची माणसं एकेक करून गेलेल्याविषयी बोलतात. मी चार गोड वाक्यं पाठ करून आलो होतो. मांडवात शिरण्याआधी प्रज्ञाने मला बाजूला घेतलं. ती आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, बापासारखंच कपाळ. "काका, बाबाच्या सीडीतला तो ड्रायरचा प्रोग्राम मी चालवून पाह्यला. एकेक लाइन पाह्यली. चार महिने झाले, मले चूक सापडून नाई राह्यली. बाबाले विचारलं तं ते नुसते हसत. तुमी सोबत व्हते ना? काय चुकलं व्हतं त्याइचं?"

नसलेली चूक ती पोर चार महिने शोधत होती. मी गप्प राहिलो असतो तर जन्मभर शोधत राहिली असती, आणि एखाद्या दिवशी थकून तिनेही मानलं असतं की बापाकडूनच काहीतरी राहिलं असेल.

माझं नाव पुकारलं. उठलो. माइक एव्हाना बंद पडलेला. शेवटच्या ओळीत गणपतभाऊ बसले होते, डावा हात मांडीवर. पाठ केलेलं काही आठवलं नाही. मान खाली घालून मी पुटपुटलो की चूक माझी होती. मांडवात कुजबुज झाली. सुजातावहिनी जागेवरूनच म्हणाल्या, "जोरानं बोला भाऊजी. मांगच्याइले आयकू नाई येऊन राह्यलं."

त्यांना ऐकू आलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मान वर केली आणि शेवटच्या ओळीकडे पाहून ओरडून बोललो.

"गणपतभाऊ, तुमचे हात माह्याच्यानं जळले. संघपाल त्या दिवशी मिलमधे नव्हता. चालत्या भट्टीचा प्रोग्राम मी थांबवला, अन् तसाच सोडून चहा प्यायले गेलो. तुमी ओरडले तवा आंधी मी माही चोरी लपवली, मंग तुमच्याकडं आलो. प्रज्ञा, तुह्या बाबाच्या प्रोग्राममधे एक बी चूक नव्हती, तू शोधू नको. त्याले मालूम व्हतं अन् त्यानं मले विचारलं बी, मी खोटं बोललो. वहिनी, तुमच्या मानसाचं नाव मी पंधरा वर्षं मातीत ठेवलं. मले माफ करा. नाई केलं तरी चालते, पन हे सगळ्याइनं आयकून घ्या."