अडेलीनने न केलेली सही

"सही करायच्या आधी हात धुवावेत, नंतर धुऊन शाई जात नाही," असं अडेलीन उनरू कायम म्हणायची. लोणच्याच्या बरण्या भरताना म्हणायची, चर्चच्या तळघरात पोरींना गोधडी शिवायला शिकवताना म्हणायची. ऐकणाऱ्या हसायच्या. तिच्या मेनोनाईट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत बंदूक धरत नाहीत आणि शपथही घेत नाहीत. खरं बोलायला शपथ लागत असेल तर एरवी तुम्ही काय बोलता, असा त्यांचा सवाल. युद्धाला पैसे देणार नाही म्हणाला म्हणून १९१८ साली तिच्या बापाचं कोठार लोकांनी भेकडाची खूण म्हणून पिवळ्या रंगाने माखलं होतं. बापाने तो रंग कधी खरवडला नाही.

त्या बापाची ही लेक अडुसष्टाव्या वर्षी, कॅन्ससच्या ऑगस्टमधल्या उन्हात, शहरातल्या गर्भपाताच्या दवाखान्याची वाट अडवून पायरीवर बसली. तिच्या लेखी पोटातलं पोर हे पोरच होतं. बंदुकीला नाही म्हणायचं तर याला हो कसं म्हणायचं? पण ती ओरडत नसे. दूरच्या राज्यातून आलेला टिबेट्स नावाचा पुढारी कर्ण्यातून दवाखान्यात निघालेल्या एका मुलीला खुनी म्हणाला, तेव्हा अडेलीन उठली आणि तिने त्याच्या हातातून कर्णा काढून घेतला.

"तिची आई शेजारी उभी असती तर असं बोलला असतास का रे?"

मग पुन्हा जागेवर येऊन बसली. पोलिसांनी नव्वद जणांना उचललं, त्यात तिलाही.

न्यायाधीशाची अट सोपी होती. पुन्हा पायरीवर येणार नाही असं लिहून द्या आणि घरी जा. टिबेट्सने कोठडीत निरोप फिरवला की सगळ्यांनी सह्या करा, उद्या सकाळी पायरीवर भेटू. एकोणनव्वद जणांनी सह्या केल्या, काहींनी तर डोळे मिचकावत. अडेलीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अडेलीनताई, नुसता कागद आहे हो," टिबेट्स म्हणाला.

"देवासाठी बसलास आणि देवादेखत खोटं लिहितोस? उद्या कोणत्या तोंडाने लोकांना पाप शिकवणार?"

"तुमच्यासारखी माणसं असली की चळवळ तुरुंगातच म्हातारी होते."

"मी म्हातारी होऊनच आलेय. तू तुझं बघ."

ती एकटी आत राहिली. अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तिला पुन्हा कोर्टात उभं केलं. रविवारी तिच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. चर्चच्या तळघरात दोनशे पानांची तयारी चालली होती, बाया पनीर भरून वेरेनिके, म्हणजे उकडायच्या करंज्या, वळत होत्या. नवरा आल्विन पहिल्या बाकावर बसला होता. मोतीबिंदूने त्याला माणसं नुसती सावलीसारखी दिसायची.

न्यायाधीश वैतागले होते. सही करून गेलेल्यांपैकी साठ जण पुन्हा पकडून आणले होते. जी खोटं बोलली नाही तीच अकरा दिवस आत, हे त्यांना टोचत होतं, आणि टोचतं म्हणून राग तिच्यावरच निघत होता. त्यांनी कागद बाजूला सारला.

"बाई, सही राहू द्या. रविवारी तुमच्याकडे जेवण आहे म्हणे. तोंडी सांगा, परत जाणार नाही. तेवढं पुरे."

अडेलीनने आल्विनकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. टोपीची कड तेवढी बोटांत फिरत राहिली. ओठांवरचे दोन शब्द, आणि रविवारी ती त्याच्या शेजारी बसली असती.

"सोमवारी सकाळी पायरीवर जाईन, साहेब," ती म्हणाली.

"मग आणखी तीस दिवस," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी फाईल आपटली.

आल्विन उभा राहिला. त्याने एवढंच विचारलं, "निळा शर्ट कुठे ठेवलायस?"

"दारामागे, इस्त्री करून. वरचं बटण लावायला शेजारच्या एल्साला सांग, तुला दिसायचं नाही."

शिपाई बाईने तिचा दंड धरला. आपली आपण येते, म्हणून अडेलीनने तो सोडवला आणि बाजूच्या दाराकडे चालू लागली. मागच्या बाकांवर सही करून पुन्हा पकडली गेलेली माणसं बसली होती. ती सगळी आपापल्या बुटांकडे बघत राहिली. तिला जाताना पाहिलं ते आल्विनने. तिची करडी सावली दारात विरली, तरी तो तिकडेच बघत उभा होता.