परिषदेत न सांगितलेला बिबा

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सोबतच्या डॉक्टरांजवळ नाही, आत्याजवळ तर — नाहीच. तुमच्याजवळ का बोलतेय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही. पण एक आधीच सांगून ठेवते. मी गर्विष्ठ बाई आहे. डोळ्यांना पदर लावून सांगेन असं वाटत असेल, तर तसं होणार नाही.

गर्व कशाचा म्हणाल, तर स्वतःचाच. मी पवनीची. घरी धानाची शेती, आणि लिहिता-वाचता येणं बाबांपुरतंच. मी नागपूरला जाऊन डॉक्टर झाले आणि परत जिल्ह्यात आले — नाइलाजानं नाही हं, हौसेनं. माझ्या बरोबरीचे सगळे मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसले होते. मी कुष्ठरोगाचं काम घेतलं. आमच्याकडे त्याला महारोग म्हणायचे, आणि नाव काढलं तरी बाया पोरांना घरात ओढायच्या. जीपमधून गावोगाव हिंडणारी बाई डॉक्टर म्हणजे तेव्हा नवलच. लोक बघायला यायचे. मला ते आवडायचं. का आवडू नये?

तर आणीबाणी उठून गेल्यानंतरचे दिवस. भंडाऱ्यात एक परिषद भरणार होती. अंगाला सूज का येते, शरीर रोगाशी झगडतं म्हणजे नेमकं काय करतं — सूज आणि प्रतिकारशक्ती यांचा अभ्यास करणारी मोठमोठी माणसं येणार होती. दिल्लीची, मद्रासची, काही तर परदेशातली. भंडाऱ्यात! असले लोक नागपूरच्या पुढे कधी सरकत नसत. आणि त्यांच्यापुढे मी माझा निबंध वाचणार होते.

निबंध कशावर, ते सांगायला हवं. त्या काळी आम्ही एक चाचणी करायचो. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत जरासं औषध टोचायचं आणि काही आठवड्यांनी जाऊन ती जागा बघायची. तिथे चांगली गाठ उठली, तर समजायचं की ह्याचं अंग कुष्ठरोगाला तोंड देऊ शकतं. गाठ नाही उठली, तर त्या माणसावर लक्ष ठेवायचं. बऱ्याच गावांत मी हे केलं होतं. कुठे गाठी दिसत, कुठे नाही. पण आंबागडच्या किल्ल्याच्या अंगाला एक गाव होतं — नाव नाही घेत — तिथे ज्याचा हात धरावा त्याला गाठ. चांगली मोठी, लालभडक.

त्याच गावात माझी आत्या दिली होती. तिच्याच ओसरीवर बसून मी सुया टोचल्या होत्या. लोक पुढे येईनात, तेव्हा तिनं आधी स्वतःचा हात पुढे केला. "टोच वं, कायले भेतेत हे?" म्हणाली. मग बाकीचे आले.

त्या गाठी बघून मला काय वाटलं असेल? एक अख्खं गाव, ज्याला हा रोग शिवत नाही, आणि ते शोधून काढलं कोणी — तर मी. रात्रंदिवस तोच ध्यास.

परिषद जवळ आली तेव्हा आत्याला तिथे यायचं बोलावणं करायला गेले. तिनं चहा दिला आणि सहज बोलून गेली, "तू सुया टोचून गेली अन् मांगून म्या साऱ्याइच्या हाताले बिबा लावून देल्ला. म्हटलं, पिकलं-बिकलं त लोक माया भाचीले नावं ठेवतीन."

बिबा. काटा रुतला, खिळा लागला, की ती जागा पिकू नये म्हणून बिबा तापवून त्याचं तेल लावायचं, ही आमच्याकडची घरोघरची रीत. आणि ते तेल कातडीला काय करतं? सूज आणतं, फोड आणतं. म्हणजे माझ्या त्या गाठी गावाच्या अंगातून आलेल्याच नव्हत्या. आत्यानं उठवल्या होत्या — माझं नाव खराब होऊ नये म्हणून.

मला तेव्हाच कळलं, असं म्हणता आलं असतं. पण नाही. आता बोलायलाच बसले आहे तर पूर्ण बोलते. गाठी मोजताना त्यांच्या भोवतीचे काळे डाग मी पाहिले होते. धानाच्या बांधावर वाढलेली पोरगी मी, लहानपणी स्वतःच्या टाचेला शंभरदा बिबा लावून घेतलेला. मला तो डाग ओळखू येऊ नये? आला होता. मी नजर पुढच्या हातावर नेली.

गाव निबंधातून काढून टाकता आलं असतं. पण मग उरलं काय असतं? बाकीची गावं. चारचौघांसारखी गावं, चारचौघींसारखी मी.

मी निबंध त्या गावासकट वाचला. आणि छान वाचला, हे आजही सांगते. आवाज कापला नाही, इंग्रजी अडखळलं नाही. आत्या नवं लुगडं नेसून मागच्या खुर्चीत बसली होती, तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी माझ्यावरून नजर काढत नव्हती. संपल्यावर मद्रासचे एक वयस्क डॉक्टर उठले. शांतपणे त्यांनी एकच विचारलं — टोचलेल्या जागेवर गावकऱ्यांनी काही लावलं वगैरे नव्हतं ना?

मी म्हणाले, नाही.

तेवढंच. ते मान डोलवून खाली बसले. टाळ्या झाल्या. निघताना पाहुण्यांबरोबर मलाही भंडाऱ्याच्या पितळेचा तांब्या मिळाला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि लाज? नव्हती. मनात फक्त एवढंच की बाबा हे बघायला हवे होते.

बाहेर आत्यानं विचारलं, काय सांगतलं वं तू एवढं? मी म्हणाले, सांगितलं की तुमच्या गावाला हा रोग होत नाही. ती इतकी खुलली. गावात जाऊन साऱ्यांना सांगितलं तिनं.

पुढे तपासणीच्या फेऱ्यांमध्ये ते गाव मागे पडत गेलं. कोणी पाडलं? मीच. कुठे आधी जायचं ते मीच ठरवत होते, आणि त्या गावात पुन्हा जाऊन उघडे, बिबा न लावलेले हात बघायची माझी छाती नव्हती. लोक मान द्यायचे, मला बोलावणी यायची, आणि मी जायचे ते दुसऱ्याच गावांना.

ऐंशी सालानंतर कुष्ठरोगावर नव्या गोळ्या आल्या, तेव्हा कुठे तिथे गेले. आत्यानं डावा हात पदराखाली धरला होता. पदर मी बाजूला केला. दोन बोटं वळली होती, तळव्याला चुलीचा चटका बसून जखम झाली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. मनगटावरचा चट्टा जुना होता. दाखवला का नाही, म्हणून मी तिच्यावर ओरडले. हो, मीच ओरडले.

"आमच्या गावाले थे होतच नाही म्हणून तूच सांगतलं होतं ना, बाई. मले वाटलं दुसरं काही असन." मग म्हणाली, "साऱ्या गावाले सोडून मलेच झाला. माया हातूनच काही पाप झालं असन, नाही का वं?"

मी तिची जखम धूत होते. तिला दुखत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, खरं काय ते डॉक्टर भाचीलाच माहीत असणार अशा भरवशानं.

मी म्हणाले, "असेल, आत्या."

तिनं मान डोलवली. पुढे जगली तोवर ती तेच मानून जगली.