शाळेमागचा डोंगर

मुलांना रानाची ओळख कशी करून द्यायची, हे शिक्षकांना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आमची शिबिरं बहुतेक डिचोलीत, मयेच्या तळ्याजवळ होतात. सकाळी गरम उंडे पाव आणि पातळभाजी, मग रानात फेरी, दुपारी चर्चा.

अशाच एका शिबिराला पेडण्याकडच्या एका लहान मराठी शाळेतल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, केसांत अबोलीचा वळेसर. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की हे काही त्यांना पटत नाही. त्यांच्या मुलांचे आईबाप काजूच्या बागायतीत राबतात, सरपणासाठी डोंगर चढतात. पोरांची त्यातून सुटका व्हावी म्हणून तर ते त्यांना शाळेत धाडतात.

"आणि मी त्यांना परत रानातच नेऊ?"

मी वाद घातला नाही. एकदा नेऊन बघा, एवढंच म्हटलं.

पावसाळा सरल्यावर त्यांचा फोन आला. त्या मुलांना शाळेमागच्या डोंगरावर घेऊन गेल्या होत्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी तिथे सगळ्यांच्या पुढे चालत होती. झाडांतली माट्टी कुठली, किंदळ कुठला, ते इतरांना दाखवत होती. आजोबांबरोबर गुरांमागे जाऊन शिकलेली. हे सांगताना बाई मधेच थांबत होत्या, हसत होत्या. मग दर शनिवारचा वर्ग डोंगरावरच भरू लागला. एकदा मीही गेले. लाल मुंग्यांनी पानं शिवून बांधलेलं घर ती मुलगी बाईंना दाखवत होती, आणि बाई पदर खोचून, मान वर करून बघत होत्या.

पुढे तो डोंगर विकला गेला. जमीनमालक भाटकाराचे वारस परदेशी होते, विक्रीचा गावाला पत्ताच नव्हता. आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग जेसीबी. बाईंनी पालकांना बरोबर घेऊन पंचायतीत अर्ज दिला. कागद सगळे कायदेशीर आहेत, असं उत्तर मिळालं.

त्यांनी बोलावलं म्हणून मी शाळेत गेले. वर्गाच्या खिडकीतून नुसती लाल माती दिसत होती. ती मुलगी खिडकीकडे पाठ करून बसली होती. मुलांशी चार शब्द बोलायला मी आले होते, पण कुठून सुरुवात करावी तेच सुचेना. शेवटी त्यांच्याकडून एक गाणं म्हणवून घेतलं आणि बाहेर आले.

बाई माझ्यामागून व्हरांड्यात आल्या. आवाजात राग नव्हता.

"जीव लावायला तुम्ही शिकवलंत. जीव लावलेलं तोडताना पोरांनी कसं बघायचं, ते नाही शिकवलंत."

 

पुढच्या शिबिरात नव्या शिक्षकांशी बोलायला मी त्यांना बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. डोंगरावरच्या वर्गाबद्दल छान बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मुलांना जरूर बाहेर न्या. फक्त आधी जमीन कोणाची, ते विचारून घ्या."

विनोद समजून सगळे हसले.

नंतर रानफेरीला निघालो तेव्हा बाई तळ्याच्या काठावर बसून राहिल्या. तुम्ही जाऊन या, म्हणाल्या.